दोरा मोहेंजोदडोवरून जातो

आईला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. गॅसचं सिलिंडर कधी लावलं, दूधवाल्याचे खाडे किती झाले, कुणाच्या लग्नात काय आहेर दिला, सगळं एका लाल बांधणीच्या वहीत. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी ती पहिल्यांदा अमेरिकेला गेली, तेव्हा वहीही पर्समधून गेली. नोव्हेंबरात गेली, मार्चअखेरीस परत आली. आल्यावर मी सहज वही चाळली, तर एका पानावर दोनच ओळी होत्या : जाताना १५ तास ४० मिनिटं, येताना १३ तास ५५ मिनिटं. आणि खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात : रस्ता तोच ना?

दुसरा प्रश्न तिने तोंडी विचारला. "समोरच्या पडद्यावर नकाशा दाखवत होते. अमेरिका पश्चिमेला ना रे? मग आमचं विमान वर रशियाकडे कशाला गेलं?"

विमानप्रवासाबद्दल याहून चांगले प्रश्न मला कुणी विचारलेले नाहीत. दोन विमानतळांमधलं अंतर आणि ते कापायला लागणारा वेळ, या दोन आकड्यांची आपण नेहमी सांगड घालतो. पुणं दीडशे किलोमीटर, म्हणून तीन तास. आकाशात ही सांगड ढिली होते. तिथे अंतर एकच असतं आणि वेळ मात्र रोज नव्याने ठरतो.

आधी अंतर. आईला मी तोंडाने समजावत बसलो नाही. मुलाच्या टेबलावरचा पृथ्वीगोल आणला आणि तिच्याच शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. दोऱ्याचं एक टोक तिला मुंबईवर अंगठ्याने दाबून धरायला सांगितलं, दुसरं मी न्यूयॉर्कवर धरलं. आधी दोरा सैल ठेवून सरळ पश्चिमेकडे, अरबस्तान आणि सहारा वाळवंटावरून टाकला. मग हळूहळू ताणायला लागलो. दोरा जसा ताणला जाईल तसा तो गोलावरून आपणहून वर, उत्तरेकडे घसरू लागला. इराण ओलांडलं, कॅस्पियन समुद्र ओलांडला आणि पुरता ताठ झाला तेव्हा मॉस्कोवर जाऊन थांबला. आईने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, खरंच की."

ताठ दोरा म्हणजे दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट. शाळेच्या भूगोलात आपण बृहद्‌वृत्त शिकतो, म्हणजे ज्याच्या बाजूने कापलं तर पृथ्वीचे बरोब्बर दोन अर्धे होतील असं वर्तुळ. मोसंबं मधोमध कापलं की सुरीची जी रेघ सालीवर उमटते, तीच ही. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन्ही गावांवरून जाईल असा काप एकाच प्रकारे देता येतो, आणि त्या रेघेचा धाकटा भाग म्हणजे आपला दोरा.

या दोऱ्याखाली काय काय येतं हे मी नंतर अक्षांश-रेखांश घेऊन गणिताने काढलं, कारण एवढ्याशा गोलावर देश कळतात, गावं कळत नाहीत. मुंबईहून निघालेली रेघ सौराष्ट्राच्या मोरबीवरून जाते, कच्छचं रण ओलांडून सिंधमध्ये शिरते, आणि तिथे सिंधूच्या काठी मोहेंजोदडोला जवळजवळ स्पर्श करून जाते. पुढे कंदाहारच्या आसपास अफगाणिस्तान, मग तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग मॉस्को. दक्षिण फिनलंड, नॉर्वेचं ट्रॉनहेम, आइसलंडचा दक्षिण भाग. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला वळसा पडतो आणि कॅनडाच्या लॅब्राडोरवरून रेघ खाली उतरत न्यूयॉर्कला येते. मुंबईहून निघताना विमानाचं तोंड पश्चिमेला नसतंच. ते वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेकडे असतं.

मग आपल्या मनातली सरळ पश्चिमेची वाट कुठून आली? भिंतीवरच्या नकाशातून. जगाचा जो नकाशा वर्गात टांगलेला असतो तो बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा. गेरार्डस मर्केटरने तो १५६९ साली केला तो दर्यावर्दींसाठी. त्या नकाशावर दोन बंदरं पट्टीने जोडली, तर होकायंत्राचा एकच कोन शेवटपर्यंत धरून जहाज तिथे पोचतं. खलाशाला वाट थोडी लांबली तरी चालेल, चुकायला नको होती. म्हणून मर्केटरने गोल पृथ्वी ताणून सपाट केली आणि ध्रुवाकडचे देश फुगवले. नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते त्यामुळेच. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. त्या नकाशावर मुंबईहून पट्टीने ओढलेली रेघ इजिप्तच्या लक्सरवरून, लिबिया-अल्जीरियाच्या वाळवंटावरून अटलांटिकमध्ये उतरते. ती वाट सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. ताणलेल्या दोऱ्याची वाट भरते सुमारे १२,५३०. जी रेघ डोळ्यांना सरळ दिसते ती १,७०० किलोमीटरने, म्हणजे जवळजवळ दोन तासांनी लांबची आहे.

१२,५३० हा आकडा कुणी फीत लावून मोजलेला नाही. पृथ्वीच्या मध्यापासून मुंबईकडे एक रेषा कल्पावी, न्यूयॉर्ककडे दुसरी. दोघींमधला कोन येतो ११२.७ अंश. पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर आणि थोडे मीटर. गुणाकार केला की झालं. हा १११ चा आकडा तोंडी ठेवण्यासारखा आहे. मीटर हे मापच मुळात फ्रान्समध्ये पृथ्वीवरून ठरवलं गेलं होतं : उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. म्हणून पृथ्वीचा घेर जवळजवळ नेमका ४०,००० किलोमीटर येतो, आणि म्हणून पृथ्वीवरची कुठलीही दोन गावं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा फारशी लांब असू शकत नाहीत. त्याहून लांब जायचं म्हटलं तर तुम्ही परत फिरायला लागलेले असता. विमानवाले मात्र किलोमीटर वापरत नाहीत, त्यांचा नॉटिकल मैल. अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, हाच तो मैल, १.८५२ किलोमीटरचा.

गोलावरचा आमचा दोरा मी नंतर पट्टीवर मोजला. गोलाचा व्यास तीस सेंटीमीटर, दोरा भरला साडेएकोणतीस. त्या गोलावर एक मिलिमीटर म्हणजे ४२ किलोमीटर. विमान उडतं जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटरवर. म्हणजे आईच्या शिवणाच्या दोऱ्याची जी जाडी, साधारण तेवढीच विमानाची उंची. खिडकीतून आपल्याला केवढं उंच वाटतं! गोलावर पाहिलं तर विमान पृथ्वीला दोऱ्यासारखं चिकटून चाललेलं असतं.

आता पेन्सिलीतला प्रश्न. रस्ता तोच, मग जाताना पावणेदोन तास जास्त का?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे येताना... आणि इथे वाक्य अडखळतं, कारण नीट विचार केला तर उलटंच व्हायला हवं. पृथ्वी पूर्वेकडे पळत असेल तर मुंबई विमानापासून दूर पळेल आणि येताना जास्त वेळ लागेल. प्रत्यक्षात दोन्ही चूक. डेक्कन क्वीन कर्जत सोडून धावत असताना तुम्ही हातातलं लिंबू वर उडवलं तर ते मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तुमच्याच हातात येतं. डब्यातली हवा, लिंबू आणि तुम्ही, सगळे गाडीच्या वेगानेच चाललेले असता. तसंच पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि विमान त्या वातावरणात पोहतं. फिरण्याचा म्हणून विमानाला फायदा नाही की तोटा नाही.

फरक पडतो तो वाऱ्याने. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटरवर, नेमकं जिथून विमानं जातात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. काही शे किलोमीटर रुंद, दोन-चार किलोमीटर जाड, नागमोडी. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जाणं नवलाचं नसतं. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या फरकातून हा वारा जन्मतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याला पूर्वेचं वळण मिळतं. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण असा आडवाटेने.

या वाऱ्याचा पहिला नीट अभ्यास केला तो जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी. १९२० नंतरच्या दशकात त्सुकुबाजवळच्या वेधशाळेतून ते फुगे सोडायचे आणि दुर्बिणीने त्यांचा माग काढायचे. हिवाळ्यात फुगे एका उंचीवर गेले की एकदम पूर्वेकडे सुसाट निघायचे. हे सगळ्या जगाला कळावं म्हणून ओइशींनी १९२६ साली आपला अहवाल एस्परांतो भाषेत छापला. एस्परांतो सगळ्या देशांची समाईक भाषा होईल अशी त्या काळी अनेकांना आशा होती. पण ती वाचणारे फार थोडे निघाले आणि अहवाल तसाच पडून राहिला. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर उंचावरून जाऊ लागली, तेव्हा या वाऱ्याने ती भलतीकडे ढकलली जाऊ लागली. त्या वाऱ्याची मोजमापं कितीतरी वर्षं आधीच छापून ठेवलेली होती. ओइशींच्या चिकाटीबद्दल मला फार आदर वाटतो. एकेका फुग्यामागे थंडीत डोळा लावून बसणं हे साधं काम नव्हे.

आता हिशेब करू. बोइंग ७७७ सारखं विमान भोवतालच्या हवेच्या मानाने ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास चालतं. वारा अजिबात नसेल तर १२,५३० किलोमीटरला १४ तासांच्या थोडं खाली. समोरून सरासरी ताशी ८० किलोमीटर वारा असेल तर जमिनीच्या मानाने वेग उरतो ८२० आणि लागतात सव्वापंधरा तास. तोच वारा पाठीशी असेल तर वेग ९८० आणि वेळ पावणेतेरा तासांवर. चढण-उतरण, वळसे आणि धावपट्टीपर्यंतची चाल धरली की आईच्या वहीतले आकडे समोर येतात. यात एक बारीक गोष्ट आहे. जाताना झालेला तोटा येताना पूर्ण भरून निघत नाही. वारा विरुद्ध असताना विमान त्याच्या तावडीत जास्त वेळ असतं, अनुकूल असताना कमी वेळ. नदीत वरच्या बाजूला वल्हवून परत येणाऱ्याला हे हाताने कळतं.

म्हणून उड्डाणाची आखणी करणारी माणसं दोरा ताणून थांबत नाहीत. वाऱ्याचा अंदाज घेऊन ते त्या दिवसाची सर्वांत जलद वाट शोधतात, आणि ती सर्वांत जवळची असेलच असं नाही. पश्चिमेला जाताना नदी टाळायची, पूर्वेला येताना नदीत शिरायचं. उत्तर अटलांटिकवर तर रोज नव्या वाटा आखल्या जातात. युरोपहून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळ्या, उलट येणाऱ्यांसाठी वेगळ्या. समुद्राच्या अलीकडे स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक आणि पलीकडे कॅनडातलं गँडर, ही दोन केंद्रं त्या ठरवतात. आज ज्या वाटेवरून आपण आलो ती उद्या तिथे नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला सहा तासांहून जास्त लागतात.

याचं सर्वांत लख्ख उदाहरण आपल्याच विमानाचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण आधी अटलांटिकवरून जायचं, अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पहिल्यांदा उलट बाजूने, पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. भागाकार करून पाहा, सरासरी वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर येतो. सगळी वाट वारा पाठीशी होता. परत येताना ते विमान अटलांटिकवरून यायचं, कारण तिकडूनही पूर्वेकडेच यायचं होतं. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा.

दोरा आणि वारा यांच्याखेरीज तिसरी गोष्ट आहे माणसांची. दोऱ्याखालच्या देशांची नावं पुन्हा वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. आकाशालाही सरहद्दी असतात आणि त्या बंद होतात. बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. अशा वेळी मुंबईच्या विमानांना अरबी समुद्रावरून बाजूने निघता येतं. दिल्लीच्या विमानांना आधी दक्षिणेला उतरून मग पश्चिमेला वळावं लागतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच गावाहून, एकाच गावाला जाणारी दोन विमानं केवळ शेपटीवरच्या झेंड्यामुळे वेगळ्या वाटांनी जातात. आईने नकाशावर मॉस्को पाहिलं ते त्याआधी. आज तीच कंपनी तिला तिकडून नेईल याची खात्री नाही.

वाट लांबली की इंधन वाढतं आणि इंधनाचं स्वतःचं ओझं असतं. बोइंग ७७७-३००ईआर विमानाच्या टाक्यांत १,८१,००० लिटर इंधन मावतं. आपल्याकडे सोसायटीत पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे अठरा. मुंबई–न्यूयॉर्कसाठी शंभर टनांहून जास्त इंधन जळतं. पंधरा तासांनी लागेल म्हणून एक टन जास्तीचं इंधन घेतलं, तर त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा ते वाहून नेण्यातच खर्च होतो. म्हणून फार लांबच्या उड्डाणात कधी माल उतरवावा लागतो, कधी जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, कधी मधे उतरून इंधन भरावं लागतं. मधे उतरणं हा पूर्वी नियमच होता. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला गेलं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १९६० च्या मे महिन्यात बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं ते लंडनवरून. एअर इंडियाचं मुंबईहून एका दमात न्यूयॉर्क व्हायला २००७ उजाडलं.

आणि हे सगळं झाल्यावरही तिकिटावरची वेळ म्हणजे उड्डाणाची वेळ नव्हे. विमान उभं असताना चाकांना अडणी लावलेली असते. मुंबईत ती अडणी काढल्यापासून न्यूयॉर्कला पुन्हा लावेपर्यंतचा काळ तिकिटावर छापतात. त्यात सहार विमानतळावरच्या रांगेतली वाट पाहणंही आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि गर्दीच्या वेळी एकामागे एक विमानं शेपटीला नाक लावून उभी असतात. तिकिटावर वीस-पंचवीस मिनिटं त्यासाठी धरलेलीच असतात. एवढं करून विमान 'वेळेआधी' पोचलं, तर ती बरेचदा याच शिलकीतली मिनिटं असतात.

राहिलं घड्याळ. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळं तासाने पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. मध्यरात्री एकला मुंबई सोडून हिवाळ्यात साडेपंधरा तास प्रवास केला, तर तिथे पोचता तेव्हा सकाळचे सहाच वाजलेले असतात. तारीख तीच. साडेपंधरा तास खर्चून घड्याळावर पाचच दिसतात. परत येताना ते साडेदहा तास मोजून द्यावे लागतात. आपल्याला हा अर्ध्या तासाचा हिशेब अवघड वाटतो, पण मुंबईने तर याहून अवघड हिशेब केला आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने स्वतःची, त्याहून ३९ मिनिटं मागे असलेली वेळ कितीतरी वर्षं सोडली नाही. ती १९५५ पर्यंत चालली.

बहिणीच्या गावी, एडिसनमध्ये, मार्चच्या त्या रविवारी तिने स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे केलं, याचीही वहीत नोंद आहे : आजपासून नऊ तीस. मनगटावरच्या घड्याळाला मात्र आईने पाचही महिने हात लावला नव्हता. नातवाला दूध पाजताना तिथे पहाटेचे चार असोत की पाच, तिच्या हातावर इथली दुपार असे, बाबांच्या दुसऱ्या चहाची वेळ. मार्चअखेरीस ती सहारच्या दारातून ट्रॉली ढकलत बाहेर आली, तेव्हा आजूबाजूचे लोक मोबाइलकडे बघून मनगटावरचे काटे फिरवत होते. आईने फक्त घड्याळात पाहिलं, पर्स उघडली आणि तिथेच उभ्या उभ्या वहीत वेळ लिहिली.